कोणतेही एक पान : संगणक चिठ्ठी कशी काढतो?

वर्गातील चाळीस जणांतून एकाची निवड करायची असेल, तर तुम्ही चाळीस सारख्या चिठ्ठ्या कराल, त्या डब्यात घालून हलवाल आणि एक उचलाल. प्रत्येकाची संधी समान, म्हणजे १/४०.

विकिपीडिया हा सर्वांनी मिळून लिहिलेला ज्ञानकोश २००१ साली सुरू झाला. त्याची मराठी आवृत्ती २००३ मध्ये निघाली. त्यात एक गमतीची सोय आहे. ती वापरली की कोशातील कोणताही एक लेख समोर येतो. इंग्रजी आवृत्तीत तर ६० लाखांहून अधिक लेख आहेत. एवढ्या चिठ्ठ्या संगणक कशा हलवत असेल?

लेखांना ओळीने क्रमांक द्यावेत आणि त्यांतील एक काढावा, असे तुम्ही म्हणाल. पण काही लेख पुढे वगळले जातात व त्यांचे क्रमांक रिकामे पडतात. चर्चेच्या पानांनाही त्याच मालिकेतील क्रमांक मिळतात. बरे, प्रत्येक वेळी पहिल्यापासून लेख मोजत जावे, तर फार वेळ लागेल.

म्हणून एक युक्ती योजली आहे. पान तयार होतानाच त्याला ० ते १ यांमधील एक यादृच्छिक दशांश अपूर्णांक दिला जातो. या अपूर्णांकांची चढत्या क्रमाने सूची ठेवलेली असते. वाचकाने लेख मागितला की संगणक एक नवा अपूर्णांक काढतो आणि सूचीत त्याच्याएवढा किंवा त्याच्या लगेच पुढचा अपूर्णांक असलेला लेख दाखवतो. पुढे कोणीच नसेल, तर सूचीतील पहिला लेख. शब्दकोशात शब्द शोधावा तसे हे काम क्षणात होते.

आता सांगा, येथे प्रत्येक लेखाची संधी समान आहे काय? प्रयोगच करून पाहू.

१०० सेंटिमीटर लांबीची दोरी घ्या. तिच्यावर १२, १५, ४८, ५० आणि ९१ सेंटिमीटरवर खुणा करा. हे आपले पाच लेख. १ ते १०० आकड्यांच्या चिठ्ठ्यांतून एक काढा. त्या आकड्यावर किंवा त्याच्यापुढे जी पहिली खूण येईल, तो लेख निवडला गेला. ५१ ते ९१ यांतील कोणतीही चिठ्ठी आली की ९१ ची खूण निवडली जाते. तिची संधी ४१ टक्के. ५० च्या खुणेला मात्र केवळ ४९ आणि ५० या दोनच चिठ्ठ्या! म्हणजे लेखाची संधी त्याच्या मागे किती मोकळी जागा आहे, यावर ठरते.

लेख लाखोंनी वाढले तरी ही विषमता जात नाही. गणित असे सांगते की, सुमारे ३९ टक्के लेखांच्या वाट्याला सरासरीच्या निम्म्याहूनही कमी संधी येते, तर सुमारे साडेतेरा टक्के लेखांना दुपटीहून अधिक.

यात पक्षपात नाही. अपूर्णांक देताना लेखाचा विषय किंवा लांबी पाहिलेली नसते. तरीही एकदा मिळालेला वाटा समान नसतो. मन रमविण्यासाठी एखादा लेख वाचायचा असेल, तर एवढ्याने काही बिघडत नाही. परंतु पाहणीसाठी नमुना निवडताना प्रत्येकाला समान संधी हवी असेल, तर पूर्ण यादीला सलग क्रमांक देऊन त्यांतूनच चिठ्ठी काढावी. निवड यादृच्छिक आहे, एवढ्यावरून ती समान संधीची आहे असे ठरत नाही.

जाता जाता एक प्रश्न. दोरीवर ७० सेंटिमीटरला सहावी खूण केली, तर कोणाची संधी घटेल आणि कोणाची तशीच राहील? आधी उत्तर लिहा. मग चिठ्ठ्या काढून पडताळून पाहा.