पुस्तकातली पाककृती आपल्या घरात का बिघडते?

प्रश्न : बहिणीने मला वाढदिवसाला एका गाजलेल्या सिनेतारकेचं पाककृतींचं पुस्तक दिलं. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. आठवड्याचा स्वयंपाक आधीच ठरवायचा आणि त्यात या पुस्तकातले पदार्थ बसवायचे, असं मनात होतं. पण लिहिलंय तसं तंतोतंत करूनही जमत नाही. राजमा आणि टोमॅटो एकत्रच कुकरला लावायला सांगितलं होतं, तो किती शिट्ट्या केल्या तरी टणकच राहिला. केक मध्ये बसला. एक भाजी एवढी तिखट झाली की मुलांनी ताटच सरकवलं. ब्रोकोली, क्विनोआ, ऑलिव्ह तेल तर इथे धड मिळतही नाही. सासूबाई म्हणतात, भाकरी-कालवणात काय कमी आहे? चूक माझी, की पुस्तकाची? आणि आमच्यासारख्या घरात अशा पुस्तकाचा उपयोग तरी काय?
– एक वाचक भगिनी, जामखेड

उत्तर : ताई, तुमची चूक नाही. कुठलीही पाककृती कुणाच्या तरी एका स्वयंपाकघरात तयार होते. तिथलं पाणी, तिथलं पीठ, तिथली मिरची, तिथली भांडी हे सगळं लिहिणाऱ्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते लिहायचं त्याला सुचतच नाही. तेच नेमकं तुमच्या घरी वेगळं असतं. तुमचे तिन्ही पदार्थ तिथेच अडले.

आधी राजमा. जामखेडचा भाग अवर्षणाचा. बहुतेक घरांत बोअरचं पाणी येतं आणि ते जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. कडधान्याच्या सालीत आणि पेशींच्या भिंतीत पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. दाणा शिजतो म्हणजे हा पेक्टिन विरघळून दाणा सैल पडतो. जड पाण्यातलं कॅल्शियम त्याला घट्ट बांधून ठेवतं. त्यात टोमॅटोचा आंबटपणा आला की पेक्टिन आणखीच हटून बसतो. आपल्याकडे आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालतात, आणि त्यामागे हेच कारण आहे. तुमच्या सासूबाईंना पेक्टिन ठाऊक नसेल, पण कुकरात डाळीबरोबर चिंच त्या कधी टाकणार नाहीत.

उपाय सोपा आहे. एक लिटर पाण्याला दोन-तीन छोटे चमचे मीठ घालून राजमा रात्रभर भिजवा. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. सकाळी ते पाणी ओतून द्या, राजमा धुऊन घ्या आणि शक्य असेल तर फिल्टरच्या पाण्यात शिजवा. दाणा बोटांनी सहज चिरडला की मगच टोमॅटो. सोडा चिमटीपेक्षा जास्त नको, त्याने ब जीवनसत्त्व जातं. राजमा दुकानातच वर्षभर पडून जुना झालेला असेल, तर मात्र कुठलीच युक्ती पुरी पडत नाही. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते : अर्धवट शिजलेला राजमा चवीपुरताही खाऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. ते खळखळून उकळल्यावरच नष्ट होतं, नाहीतर उलट्या-जुलाब होतात.

केकचं दुखणं मापाचं आहे. पुस्तकातला ‘कप’ म्हणजे 240 किंवा 250 मिलिलिटरचं ठरलेलं माप. आपल्या घरातला चहाचा कप जेमतेम दीडशे मिलिलिटरचा. सगळे जिन्नस कपानेच मोजायचे असते, तर तुमचा कप लहान असूनही काही बिघडलं नसतं. प्रमाण तेच राहून केक लहान झाला असता, एवढंच. पण अंडी कपाने मोजत नाहीत. तुमच्या कपाने मैदा एक-तृतीयांशाहून जास्त कमी पडला आणि अंडी मात्र पुस्तकाच्या हिशोबाने तेवढीच पडली. मिश्रण पातळ झालं आणि केक बसला. चमच्याचीही तीच तऱ्हा. इंग्रजी पुस्तकांत छोटा चमचा 5 मिलिलिटरचा आणि मोठा 15 मिलिलिटरचा असतो. घाईत दोन्ही सारखेच वाचले, तर मीठ किंवा बेकिंग पावडर तिप्पट पडते. मापाचे कप-चमचे एकदाच विकत आणा. नाहीतर औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या खुणांच्या टोपणाने आपली वाटी किती मिलिलिटरची आहे ते मोजा आणि तो आकडा पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिखट भाजीचं कारण तर लगेच कळण्यासारखं आहे. चित्रात लालभडक रंग यावा म्हणून अशा पुस्तकांत काश्मिरी मिरची धरलेली असते. ती रंगाला पुढे आणि तिखटपणाला मागे. आपल्या डब्यात घरी कुटलेलं तिखट असतं. दोन चमचे लिहिले असतील तर अर्ध्यापासून सुरुवात करा आणि रंगासाठी ब्याडगी वापरा.

हा मापांचा घोळ एका मराठी बाईंनी फार पूर्वी सोडवला होता. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं. कमलाबाईंचं शाळेतलं शिक्षण फारसं नव्हतं, स्वयंपाक त्या शिकल्या सासरी, सासूबाईंच्या हाताखाली. त्यांनी सगळी मापं वाटी आणि चमच्यात दिली. तराजू नसलेल्या घरातली, नुकतीच लग्न झालेली मुलगीही ते पुस्तक ओट्यावर उघडून स्वयंपाकाला लागू शकली. पुढे त्यांना लाखभर सुनांची सासू म्हणू लागले, ते उगाच नव्हे. माझ्या मते मराठीतल्या पाकपुस्तकांत सगळ्यात मोठं काम याच पुस्तकाने केलं, कारण ते वाचणारीच्या स्वयंपाकघरातून लिहिलेलं होतं.

त्याच 1970 साली तुमच्या जामखेडात डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पुढे 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मला इथे त्यांची पद्धत महत्त्वाची वाटते. आहाराचं ज्ञान घरोघर न्यायला त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या. गरोदर बाईने जास्त खाल्लं तर मूल मोठं होऊन बाळंतपण अडतं, ही समजूत तेव्हा घट्ट रुजलेली होती आणि बायका त्या काळात मुद्दाम कमी जेवत. छापील पत्रकाने ती समजूत हलली नसती. शेजारच्याच घरातली, आपल्यासारखीच भाकरी थापणारी बाई चुलीपाशी बसून सांगू लागली, तेव्हा ती हलली. सांगणारीला समोरच्या घरातल्या डब्यात काय आहे ते माहीत होतं. सिनेतारकेच्या पुस्तकाला ते माहीत असणं शक्य नाही. ते काम तुम्हालाच करावं लागणार.

म्हणून अशी पुस्तकं टाकाऊ ठरत नाहीत. तरला दलाल मुंबईत घरी शिकवण्या घेता घेता लेखिका झाल्या आणि 1974 साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं. संजीव कपूर 1993 पासून ‘खाना खजाना’तून घराघरांत पोचले. ही माणसं स्वयंपाकातून नावारूपाला आली. तुमच्या पुस्तकात नाव आधी झालं आणि स्वयंपाक मागून आला. अशा पुस्तकांत चांगल्या कृती असतात, पण त्या सामान्य घरात किती जणींनी करून पाहिल्या असतील याची खात्री देता येत नाही. मधुर जाफरींचं उदाहरण मात्र वेगळं आहे. त्या मूळच्या अभिनेत्री. लंडनला नाट्यशिक्षणासाठी गेल्या तेव्हा त्यांना स्वयंपाक येत नव्हता. आईने दिल्लीहून पत्रांतून कृती कळवल्या आणि तिथे मिळेल त्या सामानात त्या करता करता त्या शिकल्या. 1973 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि आज जगभर त्यांची ओळख पाककलेसाठीच जास्त आहे. दुसऱ्या गावची कृती आपल्या बाजारातल्या सामानात बसवायची, हेच त्यांनी केलं. तुम्हालाही तेच करायचं आहे, फक्त उलट्या दिशेने.

आता आठवड्याचं ठरवणं. सुरुवात पुस्तकापासून करू नका, आठवडी बाजारापासून करा. मेथी, शेपू, तांदुळजा, चाकवत या पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत संपवा. मग गवार, भेंडी, वांगी, दोडका. दुधी आणि भोपळा शेवटपर्यंत टिकतात. भाजी संपत आली की मटकी, हुलगे, पिठलं, येसराची आमटी. एवढा सांगाडा उभा राहिला की आठवड्यातली एकच जागा पुस्तकासाठी रिकामी ठेवा, तीही घाईच्या दिवशी नको. त्या दिवशीही ताटातला एकच पदार्थ नवा असू द्या. भाकरी, दही, चटणी नेहमीचीच ठेवा. नवा पदार्थ फसला तरी कुणी उपाशी उठणार नाही, आणि मुलांनाही अनोळखी चव ओळखीच्या घासाबरोबर सोपी जाते. एकदा नको म्हटलं म्हणून सोडू नका. तोच पदार्थ काही दिवसांनी पुन्हा थोडासा वाढा. मुलांच्या जिभेला सवय लागायला वेळ लागतो.

मुलांसाठी वेगळा आणि मोठ्यांसाठी वेगळा स्वयंपाक मात्र करू नका. त्यात तुमचाच पिट्ट्या पडेल. फोडणी घालण्याआधीच शिजलेल्या वरणाचा एक भाग बाजूला काढा. त्यात मुलांसाठी पुस्तकातलं सूप करा आणि उरलेल्याची सासऱ्यांसाठी झणझणीत आमटी.

पोषणाचा हिशोब हवा असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना पाहा. 2000 कॅलरींच्या दिवसाच्या आहारात त्यांनी 250 ग्रॅम धान्य, 400 ग्रॅम भाज्या आणि 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं (किंवा त्याऐवजी अंडी-मांस) सांगितली आहेत. आपल्याकडे धान्य सहज पुरतं. कमी पडतात त्या भाज्या, आणि बहुतेक घरांत घरातल्या बाईच्याच ताटात. म्हणून पुस्तकातून पदार्थ निवडताना आधी भाज्यांची पानं उघडा, गोडाची नंतर.

न मिळणाऱ्या जिनसांसाठी जीव टाकू नका. ब्रोकोलीच्या जागी फ्लॉवर, ऑलिव्ह तेलाच्या जागी करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल, केल नावाच्या परदेशी भाजीच्या जागी शेवग्याचा कोवळा पाला. क्विनोआच्या जागी ज्वारीच्या कण्या, भगर किंवा राळे. क्विनोआत प्रथिनं थोडी जास्त असतात हे खरं, पण कण्यांबरोबर उसळ वाढली की ती उणीव भरून निघते, कारण धान्यात जे प्रथिनघटक कमी असतात ते कडधान्यात मुबलक असतात. एकच बदल करू नका : मैद्याच्या जागी सरळ ज्वारीचं पीठ. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पाव किंवा केक फुगून उभा राहत नाही. भाकरी जमते ती कढत पाण्यामुळे. त्याने पिठातला स्टार्च फुलून चिकटपणा येतो. आणि पीठ जुनं होऊन विरी गेलं तर तोही येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं!

आता सासूबाई. ‘भाकरी-कालवणात काय कमी आहे’ या प्रश्नाकडे हट्ट म्हणून पाहू नका. त्यांच्या पिढीने 1972 चा दुष्काळ पाहिलाय किंवा घरात ऐकलाय. ज्वारी हातची गेली, रेशनवर परदेशातला लाल मिलो आला, कामावरच्या लोकांना सुकडी मिळाली. त्या दिवसांनंतर पांढऱ्या ज्वारीची भाकरी त्यांच्यासाठी नुसतं जेवण राहिली नाही. ताटातली भाकरी कायम ठेवून तुम्ही शेजारी नवा पदार्थ वाढलात, तर मला वाटतं त्यांची तक्रार निम्मी कमी होईल.

आणि उरलेल्या निम्म्यासाठी, कमलाबाईंसारखीच एक वही करा. सासूबाई शेंगोळे करतात ना? पुढच्या खेपेला त्यांनी परातीत हुलग्याचं पीठ घेतलं की ते आधी तुमच्या वाटीने मोजून घ्या. लसूण-जिऱ्याचा गोळा त्या ‘अंदाजाने’ टाकतील, तोही चमच्यात धरून पाहा. दोन्ही तळहातांत वळून सोडलेली सुरळी करंगळीएवढी जाड आहे की त्याहून बारीक, आधणाला उकळी आल्यावर शेंगोळे सोडले की थोड्या वेळाने, रस दाट व्हायला शेवटी किती पीठ कालवून लावलं, हे सगळं लिहा. त्या म्हणतील, यात काय लिहायचंय. तरी लिहा. पहिल्यांदा माप चुकेल, दुसऱ्यांदा त्याच तुम्हाला दुरुस्त करतील. वही भरत आली की शेंगोळ्यांचं माप या सदराकडे नक्की पाठवा.