सारख्या अक्षरांचा पाठ

साक्षरतेच्या वर्गांत एखादा प्रौढ शिकणारा ‘घर’ या शब्दाच्या जागीं ‘धर’ वाचतो, बाजूचीं मुलें हंसतात, आणि तो पुस्तक मिटून ठेवतो. पुष्कळांचें वाचन अशाच ठिकाणीं थांबतें. म्हणून आपल्या मंडळ्यांतून जे बंधुभगिनी वाचावयास शिकवितात, त्यांच्यासाठीं आम्ही हा लहानसा पाठ देत आहों.

पहिला घोटाळा डोळ्यांचा. घ आणि ध, म आणि भ, य आणि थ या तीन जोड्या नवशिक्यास फार अडवितात. तिन्हींस खूण एकच, ती डोक्यावरची रेघ. छापील घ, म, य यांच्या माथ्यावर रेघ अखंड असते; ध, भ, थ यांची रेघ डावीकडे तुटलेली असून तेथें लहानशी गांठ दिसते. जोडींतील दोन्ही अक्षरें एकदम शिकवूं नयेत. घ पक्का झाल्यावर कांहीं दिवसांनीं ध द्यावा, आणि मग दोन्ही शेजारीं मांडावे. ‘घर, धर’, ‘मार, भार’, ‘माया, माथा’ असे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून रेघेवरून बोट फिरवावयास सांगावें. जुन्या छापांत ‘खाना’ हा ‘रवाना’ असा दिसतो. तेथें वाक्याच्या अर्थावरून निवड करावयास शिकवावें.

दुसरा घोटाळा कानांचा. अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या बोलींत ळ च्या जागीं पुष्कळदां य येतो, व ण च्या जागीं न. शिकणाऱ्याच्या तोंडीं ‘डोळा’ हा ‘डोया’ आणि ‘पाणी’ हें ‘पानी’ असतें. त्यास अक्षर कळलें नाहीं असें नव्हे. तो ळ पाहून आपल्या आईचा शब्द उच्चारतो. त्यास “चुकलें” म्हणूं नये. “घरीं आपण डोया म्हणतों, पुस्तकांत डोळा लिहितात, वस्तु एकच,” असें सांगून ळ वर बोट ठेवावयास लावावें. लिहितांना मात्र भेद राखावा. कारण ‘काळा’ च्या जागीं ‘काया’ लिहिलें, तर रंग जाऊन देह असा अर्थ होतो.

मिशनरी फ्रँक लॉबक यांनीं इ. स. १९३० त फिलिपाईन्स बेटांत प्रौढांस शिकविण्याचें काम आरंभिलें, व १९३५ त ते आपल्या देशांतहि आले. शिकणाऱ्यास कधींहि लाजवूं नये, यावर त्यांचा मोठा भर असे.

शास्ते या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायांत यार्देनेच्या उताराजवळ गिलादी लोकांनीं एफ्राइमी माणसांस ‘शिब्बोलेथ’ हा एकच शब्द उच्चारावयास लावलें. ज्याच्या तोंडून श च्या जागीं स निघाला, त्याचा जीव गेला. आपल्या वर्गांत कोणाच्याहि जिभेची अशी परीक्षा होऊं नये. ज्यानें लाजून पुस्तक मिटलें आहे, त्याच्याकडे शिक्षकानें याच आठवड्यांत जावें, आणि त्याच्या उंबरठ्यावर बसून ‘घर’ हाच शब्द त्याच्यासह पुन्हा वाचावा.