जुन्या कट्यारीची पारख

खंडेनवमीस कित्येक घरांत माळ्यावरची जुनी कट्यार खाली काढली जाते. चिंच आणि राख लावून ती लखलखीत घासतात व मग तिची पूजा होते. “ही पानिपतावर गेली होती,” असे आजोबा सांगतात. ऐकून ऊर भरून येतो. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने तेथेच थांबू नये. शस्त्राचे वय कशावरून ओळखावे, याचा थोडा विचार आपण येथे करू.

प्रथम आकार पाहावा. इतर खंजिरांची मूठ पात्याच्या रेषेत असते. कट्यारीची आडवी असते. दोन आडव्या दांड्या मुठीत धरल्या म्हणजे बाजूच्या पट्ट्या मनगटालगत येतात आणि ठोसा मारावा तसा हाताचा सारा जोर टोकात उतरतो. चिलखत भेदण्यासाठी पुष्कळ पात्यांचे टोक मुद्दाम जाड ठेवीत. विजयनगर व तंजावर या बाजूच्या 16व्या-17व्या शतकांतील अनेक कट्यारींस हाताच्या रक्षणासाठी शिडाच्या आकाराचे कवच असे. उत्तरेकडील नंतरच्या कट्यारींत ते सहसा आढळत नाही. प्रदेश व काळ यांचा पहिला अंदाज येथून येतो.

नंतर पाते पाहावे. दक्षिणेत विलायती तलवारींची पाती कापून कट्यारींस बसवीत, म्हणून पाते परदेशी व मूठ देशी असली तरी ती वस्तू बनावट ठरत नाही. जुन्या पोलादात पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते, तिला जौहर म्हणतात. ती धातूच्या अंगातच असते. नकली नक्षी तेजाबाने केवळ पृष्ठभागावर काढलेली असते. मुठीवर सोन्याचे काम असल्यास झिजलेल्या जागी भिंगातून पाहावे. सोन्याची तार ठोकून बसविण्यापूर्वी कारागीर लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा पाडीत. त्या सोन्याखालून डोकावतात. नुसत्या मुलाम्याखाली अशा रेघा नसतात.

तिसरी साक्ष झिजेची. हाताने धरण्याच्या दांड्या गुळगुळीत झालेल्या असाव्यात व पाते पुन:पुन्हा धार लावल्याने अरुंद झालेले असावे. झीज जर जेथे हात पोहोचत नाही अशा कोपऱ्यांतही सारखीच असेल, तर संशय घ्यावा. जुना गंज काळपट व घट्ट बसलेला असतो. घाईने आणलेला गंज बहुधा तांबूस, भुसभुशीत व सर्वत्र एकसारखा दिसतो.

सर्वांत शेवटी नाव पाहावे. कारण नाव कोरणे सर्वांत सोपे! आंद्रेआ फेरारा या इटालियन कारागिराचे नाव जर्मनीतील सोलिंगेन येथे घडलेल्या पात्यांवरही सर्रास कोरले जाई. तेव्हा एखाद्या प्रसिद्ध सरदाराचे नाव दिसताच हुरळून जाऊ नये. ती वस्तू कोणाकडून कोणाकडे आली, याचे कागद असतील तरच नावास वजन येते.

आता पुन्हा खंडेनवमीकडे वळू. चिंच, राख अथवा काचकागद यांनी आपण जे घासून काढतो, तोच शस्त्राचा दाखला असतो. जौहर, सोन्याची तार, जुन्या गंजाचा थर, सारे एका सकाळी नाहीसे होते. 1855 मध्ये तंजावरचे अखेरचे राजे निवर्तल्यानंतर तेथील शस्त्रागार मोडले गेले. निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात राहिली, पण पुष्कळशी भंगाराच्या भावाने गेली. ती हानी परक्या सत्तेने केली. घरातील हानी मात्र आपण आपल्याच हातांनी करतो.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, कट्यार मऊ कोरड्या फडक्याने पुसावी, खोबरेलाऐवजी यंत्राच्या स्वच्छ तेलाचा पातळ हात द्यावा, आणि आजोबांची हकीकत त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत उतरून ठेवावी. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरते व खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठविता येत नाही, हेही ध्यानी असू द्यावे. परीक्षेअंती आपली कट्यार पानिपताची ठरली नाही, तरी विषाद मानू नये. खोट्या थोरवीपेक्षा खरे वय अधिक मोलाचे, ही दृष्टी आली म्हणजे इतिहासाचा अभ्यास सुरू झाला, असे आम्ही समजतो.