शटर आयलंडचं इस्पितळ खरं होतं का?

प्रश्न : ‘शटर आयलंड’ चित्रपट पूर्वी पाहिला होता, आता डेनिस लेहेनची मूळ कादंबरी वाचली. शेवट ठाऊक असूनही झोप उडाली. असं मनोरुग्णालय खरोखर होतं का?

उत्तर : ते बेट आणि तिथलं अ‍ॅशक्लिफ रुग्णालय, दोन्ही काल्पनिक. मात्र बॉस्टनच्या बंदरात बेटं पुष्कळ, आणि कैदी, रोगी, निराधार अशी शहराला नकोशी माणसं तिथे नेऊन ठेवायची रीत जुनी.

२००३ साली आलेल्या या कादंबरीचा काळ आहे १९५४. लेहेनने तो फार विचारपूर्वक निवडला आहे. अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत तेव्हा साडेपाच लाखांच्या आसपास रुग्ण होते. मेंदूवरच्या लोबोटॉमी शस्त्रक्रियेचे जनक एगास मोनीझ यांना १९४९ चं नोबेल मिळालं होतं. डॉ. वॉल्टर फ्रीमन तर डोळ्याच्या खोबणीतून टोकदार सळई घालून ती शस्त्रक्रिया काही मिनिटांत उरकत. दुसरीकडे, पॅरिसमध्ये १९५२ साली मनोरुग्णांना दिलं गेलेलं क्लोरप्रोमझीन हे औषध १९५४ मध्येच अमेरिकेच्या बाजारात आलं. शस्त्रक्रिया, औषध की रुग्णाशी बोलणं, हा कादंबरीतल्या डॉक्टरांचा वाद त्या काळात खराच चालू होता.

पण तुमची झोप सळईने उडवली नसावी. एकदा वेडाचा शिक्का बसला की शहाणपण सिद्ध करायचं कसं? चिडलात तर आक्रमक, गप्प राहिलात तर खिन्न, ‘मला काही झालेलं नाही’ म्हणालात तर आजाराची जाणीवच नाही! हा पेच कल्पनेतला नाही. नेली ब्लाय ही तरुण पत्रकार १८८७ मध्ये वेडाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या ब्लॅकवेल्स बेटावरच्या स्त्रियांच्या इस्पितळात शिरली. आत गेल्यावर ती अगदी नेहमीसारखी वागली, तरी कुणी तिला शहाणी मानेना. दहा दिवसांनी वर्तमानपत्राने खटपट केली तेव्हा ती सुटली. तिच्या लेखांनंतर चौकशी झाली आणि इस्पितळांचा निधीही वाढला.

तिच्या पाठीशी निदान वर्तमानपत्र होतं. आपल्याकडे आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रुग्णाला पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. अ‍ॅशक्लिफच्या रुग्णाला मात्र डॉक्टरांच्या निदानाविरुद्ध बेटाबाहेर दाद मागायला जागाच नाही. वादळ आणि अंधाऱ्या कोठड्यांपेक्षा वाचकाला जास्त घाबरवतं ते हे.