निळं सॉकेट, पांढरं सॉकेट

श्रीरामपूरला मी घरातूनच व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. कृषी सेवा केंद्रं, हार्डवेअरची दुकानं, एक-दोन ट्रान्सपोर्टवाले. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, चौदाला जीएसटी पोर्टलवर टू-बी (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांची यादी) येतं आणि विसाच्या आत थ्री-बी. चौदा ते वीस हे सहा दिवस म्हणजे एका बाजूला टॅलीतलं खरेदीचं खातं आणि दुसऱ्या बाजूला टू-बी ठेवून बिलामागून बिल जुळवायचं. एकाच पडद्यावर हे काम केलं की दर ओळीला खिडकी बदलावी लागते आणि दहाव्या बदलानंतर आपण कुठल्या बिलावर होतो तेच आठवत नाही. म्हणून मी टू-बीचे कागद छापायचे. रिमच्या रिम जायची.

जुना डेस्कटॉप बंद पडला आणि लॅपटॉप घेतला, तेव्हा घरात दोन मॉनिटर पडून होते. एक डेस्कटॉपचाच साडेअठरा इंची. दुसरा १७ इंची चौकोनी, दादाच्या एमएस-सीआयटीच्या क्लासमधला. क्लास बंद झाल्यावर त्याने माळ्यावर टाकलेल्या पाचांपैकी हा एक. त्याच्या कडेवर अजून ऑइल पेंटनं लिहिलेला ७ आहे, सात नंबरचं मशीन. हे दोन्ही लॅपटॉपला जोडायला मला जवळजवळ तीन महिने लागले. त्यात जे कळलं ते नंबर घालून लिहिते, कारण घराघरांत असे मॉनिटर चादरीखाली पडलेले आहेत आणि त्यातले बरेचसे चांगले आहेत.

१. दुकानात जाण्याआधी मॉनिटर पालथा घाला.

खरंच पालथा घाला, गादीवर उशी ठेवून. उभ्या मॉनिटरच्या मागे वाकून पाहिलं तर निळं सॉकेट तेवढं दिसतं. तीन ओळी, ओळीत पाच, अशी पंधरा भोकं. हे व्हीजीए. आयबीएमने १९८७ साली काढलं आणि पुढे तीसेक वर्षं जगभरच्या कॉम्प्युटरांना तेच लागत राहिलं. मीही तेवढंच पाहिलं आणि तेवढ्याचाच कनव्हर्टर शोधत राहिले.

सात नंबरचा मॉनिटर मात्र मी पुसायला म्हणून गादीवर पालथा घातला. निळ्याच्या शेजारी, जाळं आणि धूळ बसलेलं, एक लांबट पांढरं सॉकेट निघालं. ते डीव्हीआय. क्लासच्या जुन्या मशिनांना ते नव्हतंच, त्यामुळे इतक्या वर्षांत त्यात कुणी केबल घातली नव्हती. माझं निम्मं काम त्या पांढऱ्या सॉकेटनं सोपं केलं. ते कसं, ते पुढे तिसऱ्या मुद्द्यात.

२. कनव्हर्टरला दिशा असते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. माझा पहिला महिना तिच्यापायी गेला.

लॅपटॉपला एचडीएमआय, मॉनिटरला व्हीजीए. दुकानात जाऊन मी म्हटलं, ‘व्हीजीए एचडीएमआय कनव्हर्टर द्या.’ त्यांनी दिला. घरी येऊन पाहते तर तोंडंच जुळेनात. जी बाजू मॉनिटरकडे हवी ती लॅपटॉपकडे येत होती. मग मधे जोडणी लावून लावून कसंबसं बसवलं, तरी पडद्यावर ‘नो सिग्नल’. मला वाटलं मॉनिटर गेला. तो जवळजवळ भंगारात निघाला होता.

चूक अशी होती. व्हीजीएमधून चित्र जातं ते चढत्या-उतरत्या विजेच्या दाबानं. लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकाची वेगळी तार आणि प्रत्येकीत शून्यापासून ०.७ व्होल्टपर्यंत दाब. एचडीएमआयमधून जातात ते आकडे. आकड्यांचा दाब करायला एक चिप लागते आणि दाबाचे आकडे करायला वेगळीच. त्यामुळे ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ आणि ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दिसायला सारख्या, डबीवरची अक्षरंही तीच, फक्त क्रम उलटा. नुसती केबल उलटी फिरवून भागत नाही. याच कारणानं एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी चिप नसलेली स्वस्त केबल लॅपटॉपला लावली तर काहीच होत नाही.

तेव्हापासून मी दुकानात असं सांगते: ‘लॅपटॉपमधून एचडीएमआय निघतं, मॉनिटरमध्ये व्हीजीए जातं.’ निघतं कुठून आणि जातं कुठे, हे दोन शब्द बोलले की देणाराही थांबून डबी वाचतो. दुसऱ्या वेळी साडेतीनशे रुपयांत बोटभर लांबीचा कनव्हर्टर मिळाला आणि साडेअठरा इंची लगेच लागला.

काही कनव्हर्टरांच्या कुशीला जुन्या मोबाइलच्या चार्जिंगसारखं बारीक भोक असतं. एचडीएमआयमधून येणारी वीज फारच थोडी असते. चित्र ये-जा करत असेल तर त्या भोकातून लॅपटॉपच्या यूएसबीची वीज द्यायची, चित्र स्थिर होतं. कनव्हर्टर कोमट लागतो, त्याची काळजी नको.

३. पांढरं असेल तर निळ्याला हात लावू नका.

डीव्हीआय आलं १९९९ साली, एचडीएमआय २००२ च्या अखेरीस. एचडीएमआयनं चित्र पाठवायची रीत डीव्हीआयचीच ठेवली. म्हणून या दोघांत चिप लागत नाही. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला डीव्हीआय अशी साधी केबल पुरते आणि इथे दिशेचीही भानगड नाही. आवाज मात्र जात नाही, पण सात नंबरला स्पीकरच नाहीत.

आधी मी हाही मॉनिटर कनव्हर्टरनं व्हीजीएवर लावून पाहिला होता. चालला. पण अक्षरांना बारीकशी सावली होती. पोर्टलवरचे आकडे वाचताना तीन की आठ, पाच की सहा असा प्रश्न पडायचा. मराठीत त्याहून वाईट, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळायचे. ‘वर्षं’मधला रफार आणि टिंब मिळून एकच डाग. डीव्हीआयची केबल लावली आणि त्याच पडद्यावर टिंब वेगळं उभं राहिलं. मॉनिटर तोच, काच तीच. हिशेबाच्या कामात तीन आणि आठ यांतला फरक म्हणजे अर्धी रात्र जागणं असतं, म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं.

निळ्यावाचून पर्याय नसेल तर मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण एकदा दाबा, पडद्यावर भरपूर अक्षरं असलेलं पान उघडं ठेवून. मॉनिटर आपली मोजणी पुन्हा जुळवून घेतो आणि सावली बरीच कमी होते.

४. पडदा रंगला तर आधी पिना पाहा.

एके सकाळी साडेअठरा इंची मॉनिटर गुलाबी. पांढरं पान गुलाबी, टॅली गुलाबी. भाचा डिप्लोमाला आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘आत्या, हिरवा जात नाहीये. केबल काढून पिना बघ.’ वरच्या ओळीतल्या पहिल्या तीन पिना लाल, हिरवा आणि निळा यांच्या. हिरवा तुटला की गुलाबी, निळा तुटला की पिवळा, लाल तुटला की पडदा हिरवट निळा होतो. माझी दुसरी पिन आडवी झाली होती. स्क्रू न सोडता केबल ओढली होती, तेव्हाच वाकली असणार. लेडच्या पेन्सिलीतलं लेड काढून तिचं पोकळ टोक पिनेवर चढवलं आणि हळूच सरळ केली.

मधल्या ओळीतली एक पिन बऱ्याच केबलींना मुळातच नसते. ती तुटली असं समजून केबल फेकू नका.

५. चित्र पसरट दिसलं की केबल बदला.

लॅपटॉप मॉनिटरला विचारतो, तुला किती ठिपक्यांचं चित्र हवं, आणि मॉनिटर उत्तर देतो. सात नंबरचं उत्तर १२८० बाय १०२४, साडेअठराचं १३६६ बाय ७६८. ही विचारपूस व्हीजीएच्या दोन वेगळ्या पिनांवरून होते आणि स्वस्त केबलींत त्या तारा कधी कधी घातलेल्याच नसतात. मग लॅपटॉप अंदाजानं १०२४ बाय ७६८ पाठवतो आणि सेटिंगमध्ये बरोबर आकडा दिसतच नाही. मी दोन संध्याकाळी सेटिंगमध्ये घालवल्या. डेस्कटॉपबरोबर आलेली जाड जुनी केबल कपाटातून काढून लावली आणि आकडा आपोआप आला.

६. मोबाइलसारखं दिसणारं प्रत्येक भोक चित्र देत नाही.

लॅपटॉपला एचडीएमआय एकच. दुसऱ्या मॉनिटरसाठी यूएसबी-सी उरलं. ते मोबाइलच्या चार्जरसारखंच दिसतं, त्यामुळे सगळे धरून चालतात की त्यातून चित्र निघणारच. तसं नाही. काहींतून फक्त फायली जातात, काहींतून चार्जिंगही होतं आणि चित्र निघतं ते ज्यांत कंपनीनं डिस्प्ले पोर्टची सोय केली आहे त्यांतूनच. भोकाशेजारी इंग्रजी डी आणि पी एकमेकांत गुंतलेली खूण असेल किंवा थंडरबोल्टची विजेची खूण असेल तर चित्र निघतं. खूण नसेल तर लॅपटॉपच्या पोटाखालचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्ले पोर्ट’ हे शब्द शोधा. पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या लॅपटॉपला सोय निघाली आणि यूएसबी-सी टू एचडीएमआयचा जोड घेऊन दुसरा मॉनिटर लागला.

ज्यांच्याकडे सोय नाही त्यांच्यासाठी साध्या यूएसबीवर चालणारे, सॉफ्टवेअर टाकावे लागणारे अ‍ॅडॅप्टर मिळतात. हिशेबाला ते पुरतात, सिनेमाला नाही. आणि ‘स्प्लिटर’ घेऊ नका. तो एकच चित्र दोन्हीकडे दाखवतो. खरेदी इकडे आणि टू-बी तिकडे, हे त्यानं होत नाही.

७. विंडोजची कळ आणि पी.

दोन्ही दाबल्या की चित्र कसं दाखवायचं ते विंडोज विचारतं. त्यात ‘एक्स्टेंड’ निवडायचं. मग डिस्प्ले सेटिंगमधली चौकोनी चित्रं टेबलावर मॉनिटर जसे आहेत तशी ओढून ठेवायची. नाहीतर माउस भलत्याच कडेला अडकतो. जोडल्यावर लॅपटॉपचा आवाज गेला तर घाबरू नका, तो एचडीएमआयकडे वळलेला असतो. खालच्या स्पीकरच्या खुणेवरून परत आणता येतो.

८. अर्थिंग.

हे कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

केबल लावताना बोटांना झिणझिण्या यायच्या. मला वाटलं पाय ओले असतील. मग कनव्हर्टरच्या धातूच्या कडेला टेस्टर टेकवला तर दिवा मंद पेटला. मॉनिटरच्या आतल्या पॉवर सप्लायमधून थोडी वीज धातूच्या भागावर येते आणि ती तिसऱ्या जाड पिनेतून जमिनीत जायला हवी. आमच्या बोर्डाला तीन भोकं होती, पण तिसऱ्याच्या मागे तारच नव्हती. ती वीज मग वाट शोधते. कधी आपल्या बोटातून, कधी केबलीतून लॅपटॉपच्या एचडीएमआयमध्ये, आणि हे सॉकेट गेलं तर मदरबोर्डाचं काम निघतं.

वायरमनला बोलावलं. त्यानं अंगणात खड्डा घेऊन पट्टी पुरली, कोळसा आणि मीठ भरलं आणि तार बोर्डापर्यंत आणली. उन्हाळ्यात त्या जागी बादलीभर पाणी ओतायला सांगून गेला, ते मी एप्रिल-मेमध्ये न चुकता ओतते. झिणझिण्या थांबल्या. अर्थिंग होईपर्यंत तरी एवढं करा: सगळ्या केबली आधी जोडा आणि मॉनिटरचं बटण सगळ्यात शेवटी चालू करा. काढताना उलट.

९. प्रत्येक मॉनिटर जपायचा नसतो.

मागून पिवळट पडलेला, चालू झाल्यावर दहा मिनिटं अंधारलेला, आतून चिर्र आवाज करणारा मॉनिटर डोळ्यांना त्रास देतो. त्याच्यावर कनव्हर्टरचे पैसे घालू नये. पण तो फोडून तांबं काढणाऱ्याला देऊ नका. त्या पिढीच्या बऱ्याच एलसीडींत मागचा प्रकाश बारीक ट्यूबचा असतो आणि ट्यूबमध्ये पारा असतो. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच तो गेला पाहिजे. मी असे दोन जमवून ठेवलेत, नगरला गाडी जाईल तेव्हा पाठवायला. जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण तोंडात नगरच येतं.

१०. सगळ्यावर पट्टी चिकटवा.

डॉक्टरी पांढरी पट्टी आणि बॉलपेन. माझ्या कनव्हर्टरवर लिहिलंय, ‘हे टोक लॅपटॉपला’. केबलींवर कुठल्या मॉनिटरची ते. चौदा तारखेला डोकं आकड्यांत असतं, तेव्हा ड्रॉवरमधून हात घालून बरोबर वस्तू निघायला हवी.

मागच्या महिन्यात दादा आला. टेबलावर सात नंबर पाहून उभाच राहिला. डावीकडे टॅली, उजवीकडे टू-बी, मधे लॅपटॉप. म्हणाला, ‘याच्यावर पहिली बॅच बसली होती.’ मग आम्ही माळ्यावरचे उरलेले चार खाली काढले, पुसले, एकेक गादीवर पालथा घातला. तीन चालू निघाले. दोघांना नुसतं निळं, एकाला पांढरंही आहे. तो पांढरावाला भाच्यासाठी बाजूला ठेवला. केबल मी देणार आहे.