घरचें कर्ज आणि बँकेचें खातें

घरांतील कर्ज मुलांपासून लपवून ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. वडील माणसें दार लोटून हलक्या आवाजांत बोलतात, आणि मुलांस एवढेंच कळतें कीं यंदा सहलीस जावयाचें नाहीं. ही रीत मायेपोटीं पडली असेल; परंतु तिचा परिणाम असा होतो कीं शाळेंत चक्रवाढ व्याजाचीं उदाहरणें सफाईनें सोडविणारा विद्यार्थी पुढें संसारांत पडल्यावर स्वतःच्या कर्जाचें उदाहरण मांडूं शकत नाहीं. म्हणून यंदाच्या अंकांत आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे.

गेल्या वर्षीं आमच्या पाहण्यांत आलेली एक गोष्ट प्रथम सांगतों. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं नवी नोकरी धरली. नव्या मालकानें पगारासाठीं दुसऱ्या बँकेंत खातें उघडून दिलें. घरावर दोन कर्जें होतीं व त्यांचे हप्ते जुन्या खात्यांतून आपोआप वळते होत असत. पगार नव्या खात्यांत जाऊं लागला, जुन्या खात्यांतील शिल्लक संपली, आणि दोन महिने हप्ते परत गेले. पैसे घरांत होते, देण्याची इच्छाही होती. तरी हप्ता चुकल्याचा दंड, हप्ता परत गेल्याचें बँकेचें शुल्क आणि पतीच्या नोंदींत डाग, असा तिहेरी भुर्दंड पडला. मुलाच्या परीक्षेच्या फीसाठीं बाजूस ठेवलेली रक्कम त्यांत गेली. येथें कोणीं उधळपट्टी केली नव्हती कीं कोणीं कोणास फसविलें नव्हतें. पैशाची वाट बदलली आणि कर्जाची वाट जुनीच राहिली, इतकेंच काय तें झालें.

हिशेब कोणाच्या हातीं?

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. खतें, रोखे व वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली. दंगा लवकरच पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांतील इतर गांवींही पसरला. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं त्या लोकांचा राग माणसांपेक्षां कागदांवर अधिक होता. कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहींत, सावकाराच्याच हातचा. ऋणकोस बहुधा तो वाचतांही येत नसे. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत दिलेल्या रकमेची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोस देण्यांत आला.

ज्या पासबुकासाठीं त्या पिढीस कायदा व्हावा लागला, तें आज प्रत्येक खातेदाराच्या खिशांतील मोबाईलवर असतें. परंतु न वाचलेलें पासबुक आणि सावकाराच्या वहींतलें पान यांत फरक तो किती? तेव्हां कर्जफेडीचा पहिला धडा असा, कीं हिशेब आपल्या हातीं घ्यावा.

महिन्याचें पान

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अदमास घ्यावा, अशा आशयाचा दृष्टान्त लूकच्या शुभवर्तमानांत आहे. संसाराचा बुरूज दर महिन्यास नव्यानें बांधावा लागतो, म्हणून अदमासही दर महिन्यास घ्यावा लागतो. आपण एक कल्पित कुटुंब घेऊं. त्याचें मासिक उत्पन्न ४०,००० रुपये आहे. त्याचें पान असें मांडतां येईल: घरभाडें ९,०००; किराणा, दूध व भाजी १२,०००; वीज, गॅस व फोन २,५००; शाळेचा खर्च ३,५००; प्रवास २,५००; औषधपाणी १,५००. ही बेरीज ३१,००० होते. उरले ९,०००. त्यांपैकीं कर्जफेडीस ७,०००, वर्षांतून एकदां येणाऱ्या खर्चासाठीं १,००० आणि अडीअडचणीसाठीं १,०००.

शेवटच्या दोन रकमा पाहून कोणी म्हणेल, कर्ज डोक्यावर असतां शिल्लक कशास टाकावी? याचें उत्तर असें. विम्याचा हप्ता, दिवाळीचे कपडे, जूनमधील वह्या-पुस्तकें हे खर्च अवचित येत नाहींत. त्यांची तिथि ठरलेली असते. त्यांची वर्षाची बेरीज १२,००० असेल, तर दरमहा १,००० बाजूस टाकणें हा त्यांचा मासिक भाव होय. हा भाव न भरणारें घर दर जून महिन्यांत नवें कर्ज काढतें आणि आपण दुर्दैवी आहों असें समजतें. अडचणीच्या हजाराचेंही तसेंच. तापाच्या एका आजारानें चार महिन्यांची कर्जफेड पुसली जाऊं नये, म्हणून ही छोटी भिंत हवी.

कोणतें कर्ज आधीं?

या कुटुंबावर तीन कर्जें आहेत असें समजूं. क्रेडिट कार्डाचे ३०,००० रुपये, दरमहा ३ टक्के व्याजानें. सोनें तारण ठेवून काढलेले ४०,०००, दरमहा १ टक्का व्याजानें. आणि वैयक्तिक कर्जाचे ६०,०००, वार्षिक १५ टक्के व्याजानें. सामान्य माणसाचें लक्ष सर्वांत मोठ्या रकमेकडे, म्हणजे ६०,००० कडे जातें. परंतु एका महिन्याचें व्याज काढून पाहावें. वैयक्तिक कर्जाचें व्याज ७५० रुपये, सोन्यावरील कर्जाचें ४०० रुपये, आणि कार्डाचें ९०० रुपये. रक्कम सर्वांत लहान, पण तीच घराचा पैसा सर्वांत अधिक खाते. शिवाय, मासिक ३ टक्के म्हणजे वार्षिक ३६ टक्के, असें समजणेंही चुकीचें आहे. व्याजावर व्याज चढत गेल्यास वर्षाचा दर ४२ टक्क्यांच्या वर जातो. आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनीं १.०३ चा बारावा घात काढून याची खात्री करून घ्यावी.

आतां ७,००० ची वांटणी करूं. वैयक्तिक कर्जाचा ठरलेला हप्ता २,५०० आणि सोन्यावरील कर्जाचें व्याज ४०० हें चुकवितां येत नाहीं. उरलेले ४,१०० सर्वच्या सर्व कार्डावर भरावे. कार्डावर नवी खरेदी केली नाहीं, तर नवव्या महिन्यांत तें कर्ज संपतें आणि व्याजापोटीं सुमारें ४,४०० रुपये जातात. याउलट, त्या कार्डावर दरमहा १,५०० रुपयेच भरीत राहिल्यास पहिल्या महिन्यांत ९०० व्याजांत जाऊन मुद्दल अवघें ६०० नें कमी होतें. कर्ज फिटावयास ३१ महिने लागतात आणि व्याज सुमारें १६,५०० रुपये होतें. व्याजावरील कर आम्हीं यांत धरलेला नाहीं. एकाच कुटुंबाचें एकच कर्ज. परंतु क्रम बदलल्यानें बारा हजारांचा फरक पडला.

कार्ड फिटल्यावर मोकळे झालेले ४,१०० रुपये घरखर्चांत मिसळूं देऊं नयेत. तेच पुढच्या कर्जावर घालावे. कर्जफेडींत माणसें बहुधा येथें घसरतात. पहिलें ओझें उतरतांच पाय सैल पडतात.

खातें बदलणें

एवढें झाल्यावर आपण खात्याच्या प्रश्नाकडे वळूं. ऑक्टोबर २०११ पासून बचत खात्यावरील व्याजाचा दर ठरविण्याची मोकळीक बँकांना मिळाली, आणि अर्धा टक्का अधिक मिळतो म्हणून खातें हलविण्याचा मोह होऊं लागला. परंतु १०,००० रुपयांच्या शिल्लकेवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाचे ५० रुपये. ज्या घरांतून कार्डाच्या व्याजापायीं महिन्यास ९०० रुपये जातात, त्या घरानें ५० रुपयांसाठीं बँक बदलणें म्हणजे हौदाला भोंक असतां तोटी बदलीत बसणें होय.

मग खातें बदलूंच नये काय? आमचें मत असें कीं कर्जाचें ओझें असलेल्या घरानें कर्जाचें खातें जागेवर ठेवावें आणि खर्चाचें खातें वेगळें करावें. वरील कुटुंबानें पगार जुन्या खात्यांतच येऊं द्यावा. हप्ते तेथूनच जातील. पगाराच्या दिवशींच घरखर्चाचे ३१,००० रुपये दुसऱ्या बँकेंतील खात्यांत पाठवावे आणि मोबाईलवरून पैसे देण्याची सोय केवळ या दुसऱ्या खात्यास जोडावी. जुन्या खात्याचें एटीएम कार्ड कपाटांत असावें. असें केल्यानें महिन्याच्या पंचविशीस पैसे संपले, तर खरेदी थांबते, हप्ता थांबत नाहीं. पैसा संपल्याचें आपणांस दुकानांत कळतें, बँकेच्या नोटिशींतून नव्हे. ज्याचा पगारच नव्या बँकेंत जातो, त्यानें याच्या उलट करावें: पगाराच्या दिवशींच हप्त्यांपुरती रक्कम जुन्या खात्यांत धाडावी. तशी कायमची सूचना बँकेस देऊन ठेवतां येते. आमच्या विद्यार्थ्याच्या घरीं एवढी एक सूचना दिलेली असती, तर फीचे पैसे वांचले असते.

दुसरें खातें उघडतांना किमान शिल्लकेची अट विचारून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१२ सालच्या नियमांप्रमाणें किमान शिल्लक न लागणारें मूलभूत बचत खातें बँकांनीं द्यावयाचें असतें. मात्र असें खातें घेणाऱ्यास त्याच बँकेंत दुसरें बचत खातें ठेवतां येत नाहीं. तसेंच महिन्यांतून किती वेळां विनाशुल्क पैसे काढतां येतात, हेंही आधींच विचारावें.

कांहीं कारणानें जुनें खातें सोडावेंच लागलें, तर हा क्रम पाळावा.

पहिलें, जुन्या खात्याचा पूर्ण एका वर्षाचा उतारा काढावा आणि आपोआप जाणाऱ्या प्रत्येक रकमेखालीं रेघ ओढावी. तीन महिन्यांचा उतारा पुरत नाहीं, कारण विम्याचा हप्ता वर्षांतून एकदांच जातो.

दुसरें, नवें खातें उघडून त्याचा तपशील मालकास व कर्ज देणाऱ्या संस्थांस लेखी कळवावा. सरकारी अनुदान येत असेल, तर तें आधारशीं जोडलेल्या खात्यांत जमा होतें, हें विसरूं नये.

तिसरें, नव्या खात्यांतून हप्ता प्रत्यक्ष गेल्याचें डोळ्यांनीं पाहीपर्यंत जुन्या खात्यांतही हप्त्याइतकी शिल्लक ठेवावी. अर्ज दिला म्हणजे काम झालें, असें मानूं नये.

चौथें, दोन महिने सुरळीत गेल्यावर जुनें खातें लेखी अर्जानें बंद करावें, शिल्लक चेक परत द्यावे आणि बंद झाल्याचा कागद जपून ठेवावा. तें तसेंच टाकून देऊं नये. दोन वर्षें व्यवहार न झालेलें खातें निष्क्रिय ठरतें, आणि दहा वर्षांनंतर त्यांतील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदारांसाठींच्या निधींत जाते. ती पुढें मागतां येते खरी. पण मागणाऱ्यास तिची आठवण तर हवी!

या क्रमास आम्ही इतकें महत्त्व देतों याचें कारण आहे. शिल्लकेअभावीं चेक परत जाणें हा १८८१ च्या कायद्याच्या कलम १३८ खालीं गुन्हा ठरूं शकतो, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु खात्यांतून आपोआप जाणारा हप्ता परत गेला, तरी २००७ च्या कायद्याच्या कलम २५ खालीं तशीच जबाबदारी येऊं शकते, हें थोड्यांस ठाऊक असतें. शिवाय चुकलेल्या हप्त्याची नोंद पत-अहवालांत राहते. तो अहवाल प्रत्येक पत-माहिती कंपनीकडून वर्षांतून एकदां विनामूल्य मागवितां येतो. तो मागवून वाचावा व चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. हप्ता चुकणार असें आधींच दिसत असेल, तर तारीख उलटण्यापूर्वीं कर्ज देणाऱ्यास जाऊन भेटावें. आधीं सांगितलेली अडचण ही अडचण असते. मागाहून सांगितलेली सबब ठरते.

सुट्टींतील पाठ

विद्यार्थिमित्रहो, या लेखाबरोबर आम्ही तुम्हांस एक काम देत आहों. उन्हाळ्याच्या सुट्टींत, आईवडिलांची अनुमति घेऊन, घराच्या एका महिन्याचें पान लिहावें. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस खर्च, आणि खालीं प्रत्येक कर्जाची बाकी, व्याजाचा दर आणि चालू महिन्याचें व्याज. हें पान शाळेंत आणूं नये; तें कोणास दाखविण्यासाठीं नाहीं. घरांत बसून, दार न लोटतां, सर्वांनीं मिळून तें वाचावें. कदाचित् यंदाची सहल तरीही होणार नाहीं. पण ती का झाली नाहीं आणि केव्हां होईल, हें त्या पानावर तुमच्याच हातानें लिहिलेलें असेल.