कोऱ्या पानाची पारख

वर्धा जिल्ह्यातील जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे स्कॅन करताना कोरी पाने संगणकाकडून वगळली जाऊ शकतात. गडद बिंदूंचे प्रमाण ठरावीक मर्यादेखाली गेले की पान कोरे, हा त्याचा सोपा निकष. परंतु फिकट शाईतील एकुलती एक नोंदही त्या मर्यादेखालीच राहते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीची अशी नोंद अनुसूचित जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत मोलाचा पुरावा ठरते; १९९० पासून तो लाभ बौद्धांनाही आहे. म्हणून पानाचे लहान चौकोन पाडून प्रत्येकातील शाई स्वतंत्र मोजावी, असे आम्हांस वाटते. जेपीईजी फाइलीच्या शेवटी ‘एफएफ डी९’ ही खूण नसेल, तर फाइल अपुरी समजून पान पुन्हा स्कॅन करावे. संशयित पाने पुसू नयेत. मूळ रजिस्टर शेजारी ठेवून ती डोळ्यांनी पाहावीत.